दोनशेची जोडणी आणि घरातले सहा वेग

"अगं, तुमच्या सगळ्यांचं लगेच उघडतं, मग माझ्याच फोनवर ते चक्र का फिरत बसतं?" हा प्रश्न सासूबाईंनी मला पहिल्यांदा विचारला, तेव्हा "नेट स्लो असेल" एवढे म्हणून मी वेळ मारून नेली होती. रोज संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर त्या मागच्या खोलीत बसून फोनवर कीर्तन ऐकतात, आणि नेमके पूर्वरंग संपून आख्यानाला सुरुवात होते तेव्हा ते अडकते. तिसऱ्यांदा त्यांनी तेच विचारले, तेव्हा मात्र माझ्या उत्तराला काही अर्थ नाही हे माझे मलाच जाणवले, कारण त्याच क्षणी शेजारच्या खोलीत माझी मुलगी स्वतःच्या फोनवर व्याख्यान पाहत होती आणि ते एकदाही थांबले नव्हते. घर एक, जोडणी एक, बिल एक. मग एकीला मिळते आणि दुसरीला मिळत नाही, याला "नेट स्लो आहे" हे कारण होऊच शकत नाही.

आमची जोडणी २०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिटची, फायबर जोडणी आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने आमचे काही न विचारता वरचा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, आणि पैसे वाढवण्याआधी आहे ते कुठे जाते हे तरी पाहावे असे ठरवले. त्या रविवारी दुपारी जेवणे उरकून सगळे आडवे झाल्यावर मी घरातली उपकरणे एकेक करून, बाकीची बंद ठेवून, प्रत्येकी तीन वेळा मोजली. मुलीच्या फोनवर १८८ आले. मेजावरच्या संगणकाला वायरने ९४ आणि टीव्हीला वायरनेच ९३ मिळाले. नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर ७८, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ३८ आणि सासूबाईंच्या फोनवर, त्या जिथे बसतात त्याच खुर्चीवर ठेवून, ८.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले. आपण ज्या वेगाचे पैसे भरतो तो वेग फायबर जिथे घरात येते तिथल्या डब्यापर्यंतचा, म्हणजे राउटरपर्यंतचा, असतो, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली. त्या डब्यापासून पुढे प्रत्येक उपकरणाची वाट वेगळी असते, आणि त्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा जेवढे जाऊ देईल तेवढेच त्या उपकरणाला मिळते. आमच्या घरातल्या सहा उपकरणांच्या वाटा सहा निरनिराळ्या ठिकाणी अरुंद होत्या, आणि प्लॅन ३०० चा केला असता तरी त्यातल्या पाचांना एका एमबीपीएसचाही फायदा झाला नसता.

सुरुवात मी मेजावरच्या संगणकापासून केली, कारण वायरने जोडलेले उपकरण वायफायपेक्षा मागे पडावे हे मला सर्वांत खटकले होते. इथे ९४ हा आकडाच बोलका आहे. लॅनच्या, म्हणजे घरातली उपकरणे राउटरला जोडणाऱ्या, वायरीतून माहिती छोट्या छोट्या पॅकेटांत जाते. एका पूर्ण भरलेल्या पॅकेटासाठी, दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून, वायरीवर १,५३८ बाइटांची जागा खर्च होते आणि त्यात आपली खरी माहिती साधारण १,४४८ बाइट असते, बाकीचा भाग पत्ते, तपासणीचे आकडे आणि वेष्टन यांचा. हे प्रमाण ९४ टक्के येते. म्हणजे वेगचाचणीत पुन्हा पुन्हा ९४ च्या आसपासच आकडा येत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दरवाजा आहे असे खुशाल समजावे. संगणकाच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहिला, तर तिथे १,००० ऐवजी १०० लिहिलेलेच होते. राउटर गिगाबिटचा, म्हणजे १,००० एमबीपीएसचा, संगणकातले कार्डही गिगाबिटचे, म्हणजे उरली ती वायर.

लॅनच्या वायरीत एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसच्या जुन्या पद्धतीत त्यांपैकी फक्त नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या कामाला लागतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, आणि आठांपैकी एक तार जरी तुटली तरी दोन्ही टोकांची यंत्रे गिगाबिटचा नाद सोडून बहुधा मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, कुठलाही संदेश येत नाही. नेट चालू असते, म्हणून कोणी शोधायलाही जात नाही. मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून वायर तपासायचा छोटा डबा आणला. त्याच्या दोन्ही भागांवर आठ-आठ दिवे असतात आणि वायर लावली की ते एकापाठोपाठ एक लुकलुकतात. एक, दोन, तीन, चार, आणि मग पाचव्याच्या जागी अंधार, पुन्हा सहा, सात, आठ. पाचवी म्हणजे निळ्या जोडीतली पांढरी-निळी तार.

ती कुठे तुटली हे शोधायला वेळ लागला नाही. वायर दिवाणखान्यातून आतल्या खोलीत उंबरठ्यावरून जात होती, आणि पावसाळ्यात फुगलेले दार रोज तिच्यावरून घासत होते. वरचे करडे वेष्टन फक्त चपटे झाले होते, फाटले नव्हते. पण ब्लेडने ते सोलल्यावर आत पांढऱ्या-निळ्या तारेची दोन टोके एकमेकांपासून सुटलेली दिसली. तार तांब्याची नव्हतीच, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा होता, म्हणूनच ती तुटायला दाराचे घासणे पुरले. नवी वायर घेताना मी शुद्ध तांब्याची, कॅट ५ई प्रतीची मागून घेतली. घरातल्या अंतरांना ती गिगाबिटसाठी पुरून उरते, कारण या प्रतीला १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेता येते. ती दाराच्या चौकटीवरून फिरवली आणि मेजावरच्या संगणकावर त्याच संध्याकाळी १९६ दिसले.

टीव्हीचा ९३ मात्र तसाच राहिला, आणि तो तसाच राहणार आहे. बाजारातल्या अनेक टीव्हींचे लॅनचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असते, कारण ४के चित्रपटाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात आणि त्याहून मोठे पोर्ट देण्याची निर्मात्यांना गरज वाटत नाही. दोन उपकरणांवर जवळजवळ तोच आकडा, पण एकीकडे तो बिघाड आणि दुसरीकडे यंत्राचा मूळ स्वभाव. नुसत्या आकड्यावरून निदान करू नये हे त्या दिवशी पटले.

इथेच एका नेहमीच्या गैरसमजाबद्दल सांगायला हवे. वायर बदलल्यावरही नवऱ्याची तक्रार होती की २०० चे पैसे भरून फाइल उतरवताना संगणक जास्तीत जास्त २३-२४ दाखवतो. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल उतरवणारा प्रोग्राम मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि एका बाइटात आठ बिट असतात. २०० ला ८ ने भागले की २५ येतात. म्हणजे २३-२४ दिसणे याचा अर्थ जोडणी पूर्ण क्षमतेने चालली आहे.

आता बिनतारी उपकरणे. मुलीच्या फोनवर १८८ आणि सासूबाईंच्या फोनवर ८, या दोन आकड्यांमध्ये खरे म्हणजे तीन कारणे एकावर एक रचलेली आहेत.

पहिले कारण फोनच्या आतले. सासूबाईंचा फोन साधा, स्वस्तातला. त्याचे वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि त्याला अँटेना एकच आहे. २००९ साली आलेल्या वायफाय ४ या पिढीचा असा फोन, नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर (वाहिनी म्हणजे त्या पट्ट्याचा एक तुकडा), आदर्श परिस्थितीतही राउटरशी ७२ एमबीपीएसपेक्षा जास्त वेगाने बोलू शकत नाही. मुलीचा फोन वायफाय ५ चा, दोन अँटेनांचा आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. तिथे वाहिनी ८० मेगाहर्ट्झ रुंद मिळते आणि तोच आकडा ८६७ वर जातो. हे आकडे खोक्यावर छापायचे. प्रत्यक्षात त्यांच्या निम्मे किंवा थोडे अधिक हाती लागतात. हवा एकच असते, त्यामुळे राउटर बोलत असताना फोनला गप्प बसावे लागते आणि फोन बोलत असताना राउटरला. शिवाय प्रत्येक खेपेआधी हवा मोकळी आहे की नाही हे ऐकून घ्यायचे, खेप पोचल्याची पोच द्यायची, पुन्हा थोडे थांबायचे, यात बराच वेळ जातो. तरीही ७२ चे निम्मे ३६ होतात, ८ नव्हे.

दुसरे कारण भिंती आणि सामान यांचे. आमच्याकडे फायबर मुख्य दारावरून आत येते, म्हणून राउटर दाराशेजारी चपलांच्या कपाटावर बसवलेला आहे, आणि सासूबाईंची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये विटांच्या दोन भिंती आहेत, पण भिंतींनी एवढी वाईट अवस्था होऊ नये असे मला वाटत होते. फोनमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दाखवणारे एक अ‍ॅप टाकले आणि तो हातात घेऊन खोलीभर हळूहळू फिरले. हे आकडे उणे असतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० च्या खाली गेले की ओढाताण सुरू होते. खोलीच्या दारात उणे ६६ होते आणि खुर्चीपाशी उणे ७८. दोहोंमध्ये चार पावलांचे अंतर. त्या चार पावलांच्या आड सासूबाईंच्या लग्नातले लोखंडी कपाट उभे होते, दारावर पुरुषभर उंचीचा आरसा असलेले. लोखंडी पत्रा लहरींना पलीकडे जाऊच देत नाही आणि आरशामागचा धातूचा थरही त्यांना परतवून लावतो, त्यामुळे खुर्ची बरोबर त्या कपाटाच्या सावलीत सापडली होती. नवऱ्याने आणि मी मिळून कपाट दोन हात बाजूला सरकवले, तर खुर्चीवर उणे ६९ झाले. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट होते या हिशेबाने ९ डेसिबल म्हणजे जवळजवळ आठपट ताकद, आणि तीही एक पैसा खर्च न करता. वेग ८ वरून २१ झाला.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे, आणि त्यात कोणाचाच दोष नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झचा, त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात, १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच, २.४५ गिगाहर्ट्झवर गुणगुणतो. आमच्या इमारतीत सासूबाईंच्या खोलीतून तेवीस जणांचे वायफाय दिसत होते आणि ती सगळी गर्दी या तीन वाहिन्यांत. ५ गिगाहर्ट्झचे तसे नाही. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याशिवाय वापरायला मोकळी केली, म्हणजे सातपटीहून अधिक. आणि या लहरी भिंतींतून कमी जातात हेही एका अर्थी बरेच, कारण शेजारच्यांच्या लहरी आपल्या घरात तितक्या शिरत नाहीत. राउटरमधल्या 'ऑटो' वर विसंबून न राहता मी २.४ ची वाहिनी स्वतः निवडून १ वर ठेवली, कारण आमच्याकडे तिथे त्यातल्या त्यात कमी दाटी होती. २१ चे २६ झाले.

आता नवऱ्याच्या लॅपटॉपकडे वळते, कारण त्याची कथा मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारी वाटली. एकटा मोजला तेव्हा त्याला ७८ मिळाले होते. त्याच्या वयाच्या आणि २.४ च्या लॅपटॉपला ते चांगलेच म्हणायचे. पण संध्याकाळी तो नेहमी म्हणायचा की लॅपटॉप मरगळतो. संध्याकाळी काय होते, तर सासूबाईंचे कीर्तन सुरू होते, किंवा त्यांच्या फोनवर अ‍ॅपचे अपडेट उतरू लागतात. एकाच पट्ट्यावर, एकाच वाहिनीवर असलेली उपकरणे हवा वाटून घेतात, पण साध्या राउटरमध्ये ही वाटणी वेळेची नसते, पाळीची असते: एक पॅकेट याचे, एक पॅकेट त्याचे. फोन एकटा असता तर ८ मिळणार, लॅपटॉप एकटा असता तर ८०. दोघांना आळीपाळीने एकेक मेगाबिट द्यायचा झाला, तर फोनच्या मेगाबिटाला एक अष्टमांश सेकंद लागतो आणि लॅपटॉपच्या मेगाबिटाला सेकंदाचा ऐंशीवा भाग. दोन्ही मिळून ०.१३७५ सेकंद, म्हणजे सेकंदाला प्रत्येकी सुमारे ७. फोनला ८ चे ७ झाले, त्याचे फारसे काही गेले नाही. लॅपटॉप मात्र ८० वरून ७ वर आला. नळावर एकीची बादली भरेपर्यंत मागची रांग थांबते, तसेच हे. घरातल्या सर्वांत दूरच्या, सर्वांत अशक्त उपकरणाची सोय लावणे हे म्हणूनच त्याच्या एकट्याच्या भल्याचे काम राहत नाही. पाळीऐवजी वेळ वाटून देणारे राउटर आता मिळतात, पण अनेक घरांतल्या कंपनीने दिलेल्या डब्यांत ती सोय नसते. मुलीच्या फोनला याचा त्रास झाला नाही, कारण ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ राउटरमध्ये स्वतंत्र असतो आणि तिथली रांगही स्वतंत्र.

ऑफिसच्या लॅपटॉपचे ३८ हे वायफायच्या माथी मारता येत नाहीत. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी बंदिस्त वाट, बंद करून त्याच जागी मोजले, तर १८० च्या वर आले. व्हीपीएन चालू असताना माझे प्रत्येक पॅकेट कुलूपबंद होऊन आधी ऑफिसच्या दारापर्यंत जाते, तिथे उघडून तपासले जाते आणि मग पुढे निघते. त्या दारावर माझ्यासारखे कित्येक जण एकाच वेळी उभे असतात. त्यातून एखादी फाइल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरवर असली, तर अंतराचाही हिशेब आला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि तरीही तिकडे जाऊन परत यायला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. पोच येण्याआधी किती माहिती पाठवून ठेवायची याला मर्यादा असते. टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवून पोच घेण्याच्या नियमांच्या, मूळ रचनेत ती ६५,५३५ बाइट होती. दर २०० मिलिसेकंदांना एवढेच पाठवता येत असेल, तर वेग २.६ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, मग घरात गिगाबिटची जोडणी का असेना. १९९२ साली ही मर्यादा वाढवण्याची सोय आली आणि आजची उपकरणे ती वापरतात, पण वाटेत एखादे जुने किंवा चुकीचे बसवलेले यंत्र असले की त्याची खूण अशीच दिसते: जवळच्या सर्व्हरची वेगचाचणी उत्तम आणि दूरची फाइल रांगणारी. वेगचाचणी बहुधा आपल्याच शहरातला सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, हेही त्यामागचे एक कारण.

राहिली मागची खोली. कपाट सरकवून आणि वाहिनी बदलून कीर्तन अडकायचे जवळजवळ थांबले होते, पण भिंतीला कपाटाची जुनी पुसट खूण दिसत होती आणि सासूबाईंना कपाट नव्या जागी नको होते, हे त्या बोलल्या नाहीत तरी मला कळत होते. दुकानदाराने सॉकेटमध्ये लावायचा रिपीटर सुचवला. तो मी घेतला नाही. साधा रिपीटर राउटरचे ऐकतो आणि तेच त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. शिवाय आधीच दाटलेल्या त्या पट्ट्यात आणखी एक बोलणारा वाढतो. त्याऐवजी दिवाणखान्यापासून मागच्या खोलीपर्यंत छताच्या कडेने केसिंग पट्टीतून लॅनची वायर ओढून घेतली आणि तिच्या टोकाला जुना, माळ्यावर पडलेला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेले नेट तिथे वायफायने देण्यापुरता, लावला. त्याची २.४ ची वाहिनी ११ ठेवली, पुढच्या राउटरची १ आहेच. त्यामुळे फोन आणि नवऱ्याचा लॅपटॉप आता एकाच रांगेत उभे राहत नाहीत. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवले. फोन पहिले दोन दिवस हट्टाने लांबच्या राउटरलाच धरून बसायचा, कारण कोणाला धरायचे हे फोनच ठरवतो, राउटर नाही. पुढच्या राउटरची २.४ ची ताकद 'हाय' वरून 'मीडियम' वर आणली, तेव्हा तो आपोआप जवळच्याकडे वळला.

काल पुन्हा मोजले. सासूबाईंच्या फोनवर ४४ आले, आणि ७२ च्या फोनकडून याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. नवऱ्याच्या लॅपटॉपवर, कीर्तन चालू असताना, ७६ होते. प्लॅन अजून २०० चाच आहे. लोखंडी कपाट मात्र परत त्याच्या मूळ जागी, भिंतीवरच्या खुणेवर गेले आहे. आता लहरी कपाटाच्या अलीकडूनच, खुर्चीच्या बाजूने येतात.